सहवासितांची यादी

महाराष्ट्रातील समस्त सरपंचांस अनावृत पत्र

सरपंच महोदय आणि महोदया,



येत्या ३० जानेवारीस, हुतात्म्यांना आदरांजली वाहून झाल्यानंतर, आपल्या ग्रामसभेत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा एक मजकूर आपण वाचून दाखवाल आणि कुष्ठरोग झालेल्या कोणाही माणसाशी आम्ही दुजाभाव करणार नाही, अशी प्रतिज्ञा जमलेल्या ग्रामस्थांकडून वदवून घ्याल. 'स्पर्श' या नावाने २०१७ सालापासून देशभर चालत आलेला हा परिपाठ आहे. मजकूर निर्दोष आहे, प्रतिज्ञेचे शब्द योग्य आहेत, आणि तो वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कोणाविषयीही आकस नसतो, हे मी जाणून आहे. तरीही, ज्या साली हे अभियान सुरू झाले त्याच साली, वर्धा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून कुष्ठरुग्ण शोधण्याची व त्यांना औषध पोचवण्याची छत्तीस वर्षांची नोकरी संपवून मी घरी बसलो असल्यामुळे, आणि त्या छत्तीस वर्षांत माणसांची मने कशी मिटतात व कशी उघडतात हे दारोदार पाहिले असल्यामुळे, ती सभा भरण्यापूर्वी आपल्याशी मोकळेपणाने बोलणे मला माझे कर्तव्य वाटते.

माझा हुद्दा 'अवैद्यकीय सहायक' असा होता. गावात मात्र मला 'चट्टेवाले बाबू' म्हणत. कारण दिवसाच्या उजेडात माणसाला उघड्या अंगाने उभे करून त्याच्या कातडीवर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा आहे काय, तो खाजतो काय, आणि डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर त्याला ते उमगते काय, एवढे पाहणे हे माझे मुख्य काम. ज्या घरी रुग्ण निघे त्या घरातील सर्व माणसांची आणि निकटच्या शेजाऱ्यांची नावे एका नोंदवहीत उतरवावी लागत. या माणसांना आमच्या खात्याच्या भाषेत 'सहवासित' म्हणतात. शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूला दाद न देणारी शक्ती निसर्गतःच असते. ज्यांच्या अंगी ती नसते त्यांनाही तो जडायला उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ सहवास घडावा लागतो, आणि जडला तरी पहिले लक्षण दिसण्यास कित्येक वर्षे जातात. त्यामुळे त्या यादीतील बहुतेक नावांपुढे मी 'निरोगी' असाच शेरा लिहीत असे. परंतु त्याच माणसांना, त्याच घरांत, त्याच सहवासातून आणखी एक काहीतरी जडलेले मला दिसे, आणि त्याला ना वर्षे लागत ना निकटता. रोग्याची धास्ती एका सकाळीत नळावरून वेशीपर्यंत पोचे. तिच्या सहवासितांची यादी करावी असे खात्याने मला कधी सांगितले नव्हते. एकदा मी ती आपण होऊन केली. त्या यादीची हकीकत आपल्यापुढे ठेवायची आहे.

मात्र दुसऱ्यांच्या मनांचा हिशेब मांडण्यापूर्वी स्वतःच्या मनाचा दाखला देणे न्यायाचे होईल. मी पाच-सहा वर्षांचा असताना आजीबरोबर एका यात्रेला गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना, हातापायांना चिंध्या गुंडाळलेली माणसे पुढ्यात कटोरे ठेवून बसली होती. आजीने मला काहीही सांगितले नाही; त्यांच्याकडे पाहू नकोस असेदेखील ती म्हणाली नाही. पायरी चढताना माझे बोट धरलेली तिची मूठ फक्त आवळली गेली, आणि देवळात शिरल्यावर ती सैल पडली. त्या दोन क्षणांच्या मधल्या अवकाशात मी जे शिकलो ते पुसून टाकायला मला पुढे नोकरीची तीन वर्षे लागली. माझी आजी दयाळू होती. परतताना तिने प्रत्येक कटोऱ्यात एकेक नाणे टाकले, वरून टाकले, आणि नाणे पडल्याचा आवाज माझ्या कानांत राहिला. तिला ती मूठ कोणाकडून मिळाली असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. तिच्या आईकडून, आणि तिच्या आईला आणखी कोणाकडून. आणि त्या साऱ्या साखळीत एकीनेही त्या माणसांपैकी कोणाशी कधी एक वाक्य बोलल्याचा संभव नाही. ज्यांच्यावर आपला जीव असतो त्यांची भीती आपण त्यांच्या मायेबरोबरच घेतो, आणि ती आपल्याला भीती वाटतच नाही; ती आपल्याला समज वाटते, वळण वाटते.

१९८१ साली मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा ही मूठ माझ्या हातात होतीच. पहिले काही महिने प्रत्येक तपासणीनंतर मी नदीवर जाऊन कोपरापर्यंत हात घासत असे. मला ज्यांच्या हाताखाली दिले होते ते वृद्ध पर्यवेक्षक हे पाहत होते, पण त्यांनी मला कधी हटकले नाही. एके दिवशी भर दुपारी एका रुग्णाच्या ओट्यावर बसून त्यांनी आपली शिदोरी सोडली, रुग्णाच्या बायकोने आणून ठेवलेले ताक तिच्याच पेल्यातून घेतले, आणि उरलेला पेला, जणू घरच्याच मुलाला द्यावा तसा, माझ्यापुढे सरकवला. मी ते ताक प्यालो. त्या वयात मला या जंतूची शास्त्रीय माहिती त्यांच्याइतकीच होती, परीक्षेत मला गुणही उत्तम मिळाले होते, परंतु ते ताक मी माहितीच्या बळावर प्यालो नाही. ज्या माणसाला मी मानत होतो त्याने ते माझ्याआधी प्याले होते, म्हणून प्यालो.

आता कासारणीची गोष्ट.

साल १९८८. नदीकाठचे, दोनशे उंबऱ्यांचे गाव. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्या गोष्टीतली माणसे अजून तेथे नांदत आहेत. गावात बांगड्या भरणारी एक कासारीण होती, पस्तिशीची. तिच्या पाठीवर आणि दंडांवर मिळून आठ चट्टे निघाले. हात शाबूत होते, बोटांत जोर होता, संवेदना पूर्ण होती. बहुविध औषधोपचार तेव्हा आमच्या भागात नुकताच स्थिरावला होता. त्याआधी केवळ डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. आता रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी तीन औषधे एकत्र मिळू लागली होती. तिच्या प्रकारच्या रोगाला तेव्हा दोन वर्षांची मुदत असे. आज ती एका वर्षावर आली आहे, आणि सौम्य प्रकाराला सहाच महिने पुरतात. महिन्यातून एकदा घ्यावयाची मात्रा माझ्या देखत घेतली जाई. रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने शरीरातील बहुतेक सारे जंतू निकामी होतात आणि त्या माणसापासून दुसऱ्याला रोग होण्याचा संभव जवळजवळ उरत नाही. म्हणजे ज्या दिवशी गावाने तिला टाळावयास आरंभ केला, त्या दिवशी ती गावातल्या कोणाही न तपासलेल्या इसमापेक्षा अधिक निर्धोक होती.

गावाला कळले कसे, हे मी कबूल केले पाहिजे. एक तर क्लोफाझिमिनने कातडी तांबूस काळी पडते. औषध थांबल्यावर ती काही महिन्यांत हळूहळू निवळते, पण तोवर शेजारणींच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. आणि दुसरे, माझी सायकल. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ती त्याच एका दाराशी उभी राही, आणि चट्टेवाले बाबू कोणाकडे जातात हे लहान पोरालाही ठाऊक असे. ज्या दारी मी आरोग्य घेऊन जात होतो त्या दारावर शिक्काही मीच मारीत होतो, ही गोष्ट ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

तिला कोणी तोंडावर काही बोलले नाही. संक्रांतीला 'आहेत अजून मागच्या' असे सांगण्यात आले; नागपंचमीला दुसऱ्या गावची कासारीण एकाएकी गल्लीतून फिरून गेली. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाचा हात हातात घेतल्यावाचून एक पैसाही सुटत नाही, त्या धंद्यातल्या बाईला हात मिळेनासे झाले. तिची पेटी भरलेली राहू लागली. मी तिच्याकडे गेलो की ती त्या पेटीतले बांगड्यांचे तोडे काढून पुसत बसलेली असे.

तेव्हा मी ती यादी केली. सहवासितांच्या तपासणीच्या निमित्ताने घरोघर जाऊन, बोलण्याच्या ओघात, मी विचारू लागलो, की हे तुम्हाला प्रथम कोणी सांगितले? एका घरच्या तिघी जावांपैकी मधलीला धाकटीने सांगितले होते, धाकटीला माहेरच्या भावाने, आणि त्या भावाला तर कासारणीचे तोंडही ठाऊक नव्हते. एकीला नवऱ्याने सांगितले, त्याला न्हाव्याच्या दुकानात कळले. एकीला सासूने नुसते डोळ्यांनी सांगितले. यादी एकवीस नावांची झाली. त्या एकवीस जणांपैकी एकानेही चट्टा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि प्रत्येकाला ही वार्ता अशा कोणाकडून मिळाली होती की ज्याच्यावर अविश्वास दाखवणे म्हणजे नात्याला बाध आणणे. आणखी एक गोष्ट त्या यादीत मला आढळली. अकरा नावांचे धागे मागे मागे नेले तेव्हा ते एकाच घरी येऊन थांबले. ते घर गावच्या निवृत्त गुरुजींचे होते. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षर शिकवले होते, भावकीचे तंटे त्यांच्या शब्दाने मिटत, आणि त्यांच्या हातून कोणाचे वाईट झाल्याचे कोणी सांगू शकले नसते. गुरुजी कोणाला तरी इतकेच म्हणाले होते, "मी काही म्हणत नाही, पण जपून असावं." या वाक्यात निंदा नाही, द्वेष नाही, धड विधानदेखील नाही. पण ते गुरुजींचे होते.

मी माझे काम केले. चित्रांचे तक्ते चावडीवर टांगले, जंतूचे चित्र दाखवले, नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टराने १८७३ साली तो कसा शोधला ते सांगितले, हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नसून इतर रोगांसारखाच एक रोग आहे हे समजावले. माणसे शांतपणे ऐकत, माना डोलावत. शंका विचारा म्हटले तर कोणाला शंका नसे. आणि बांगड्या शेजारच्या गावाहून भरून येत.

पुढल्या वैशाखात गावच्या एका मोठ्या घरात लग्न निघाले. त्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला सारे गाव मोठी आई म्हणे. वय सत्तरीचे, नवरा हयात, दहा-बारा माणसांचा संसार अजून तिच्या शब्दावर चाले. नवरीच्या चुड्यासाठी तालुक्याहून कासाराला बोलावण्याची तजवीज झाल्याचे तिच्या कानी गेले, तेव्हा ती कोणावर रागावली नाही. तिने गड्याला पाठवून गावच्या कासारणीला पेटीसकट बोलावून आणले. मी त्या दिवशी औषधांच्या फेरीवर होतो आणि मांडवाच्या कडेला रांजणापाशी पाणी पीत उभा होतो. कासारीण आली ती मांडवाच्या बाहेरच थबकली. मोठी आई ओट्यावरून खाली उतरली, मांडवाच्या मधोमध घोंगडी टाकायला लावली, तिच्यावर बसली आणि आपला उजवा हात पुढे करून म्हणाली, "आधी माह्या हातात भर. बोटं आखडले हायेत, सावकाश चढव."

त्यानंतर जे झाले ते मी आजही हुबेहूब सांगू शकेन. कासारणीने तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. साबणाच्या पाण्यात बोटे बुडवून ती म्हातारीच्या हाताची पेरे एकामागून एक दाबत, मऊ करत गेली. अंगठ्याचा उंचवटा आत लोटून धरून पहिली बांगडी सांध्यावरून अलगद फिरवत पलीकडे उतरवायला तिला बराच वेळ लागला. मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मोठ्या आईने भाषण केले नाही, कोणाकडे पाहिले नाही. ती त्या कासारणीला तिच्या सासूच्या आठवणी विचारीत होती, कारण मोठ्या आईचा स्वतःचा चुडा त्या सासूने भरलेला होता. दोन्ही हात भरून झाल्यावर तिने नेमाप्रमाणे तांदूळ, सुपारी आणि पैसे दिले, आणि नातीला म्हणाली, "बस."

नात बसली. मग घरच्या दोघी सुना बसल्या. त्या दुपारी घराबाहेरच्या दोघीच पुढे आल्या. बाकीच्या कामाच्या निमित्ताने उठून गेल्या. पण श्रावण लागेतो गल्लीतल्या सातआठ घरांची दारे उघडली होती, आणि पुढच्या संक्रांतीला कासारणीची पेटी निम्म्याहून रिकामी झाली. माझ्या त्या एकवीस नावांतली सोळा-सतरा नावे वर्षभरात मी मनातल्या मनात खोडली. गुरुजींच्या घरच्या बायका मात्र कधीच आल्या नाहीत. गुरुजी स्वतः मला रस्त्यात भेटले की तिची विचारपूस करीत, आणि ती विचारपूस खरी असे. पण 'जपून असावं' हे शब्द त्यांच्या घरात इतके खोल रुजले होते की ते उपटण्याचे सामर्थ्य त्यांच्याही ठायी उरले नव्हते.

या घटनेचा उलगडा करून घेण्यासाठी मी पुढे जे मिळेल ते वाचले. फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली असे मांडले होते की आपले मन माणसांचे सुटे सुटे मोल करीत नाही. ते तीन बाजूंचा मेळ पाहते. मोठ्या आईवर माझी श्रद्धा आहे, मोठ्या आईने आपला हात कासारणीच्या हातात दिला आहे, आणि मला मात्र कासारणीचे भय आहे: हा त्रिकोण मनाला सहन होत नाही. एक तर मोठ्या आईविषयीची श्रद्धा उणी करावी लागते, नाही तर ते भय सोडावे लागते, आणि बहुतेकांना दुसरे सोपे जाते. गुरुजींच्या वाक्याने नेमका हाच त्रिकोण उलट्या बाजूने जुळवला होता. स्टीफन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले, की परक्या मानलेल्या समाजातल्या माणसाशी आपली स्वतःची मैत्री नसली, तरी आपल्यापैकी कोणाची तशी मैत्री आहे एवढे नुसते कळल्यानेही मनातली अढी सैल होते. ज्या दोघी शेजारणी त्या दुपारी पुढे आल्या त्यांची कासारणीशी विशेष ओळखही नव्हती. त्यांची ओळख मोठ्या आईशी होती.

मात्र कोणत्याही भेटीने मन बदलते असे मुळीच नाही, आणि सरपंच महोदय, हा मुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या १९५४ च्या ग्रंथात हे स्पष्ट केले, की माणसे बरोबरीच्या नात्याने भेटली, दोघांच्या गरजेच्या एखाद्या कामात गुंतली, आणि त्या भेटीला समाजात ज्यांचा शब्द चालतो त्यांचे पाठबळ असले, तरच तिचा उपयोग होतो. माझी आजी त्या पायऱ्यांवरच्या माणसांना वर्षानुवर्षे पाहत आली होती. ती पायरीवर उभी आणि ते पायरीवर बसलेले, तिच्या हातात नाणे आणि त्यांच्या हातात कटोरा: असल्या भेटींनी मूठ सैल होण्याऐवजी आवळतेच.

आपल्या महाराष्ट्राला हे शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करीत. आणि शास्त्रीबुवांशी त्यांची चर्चा चाले ती शास्त्रांची, एका विद्वानाशी चालावी तशी. तेथून जवळच दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण १९३६ पासून रुग्णांमध्ये राहत होते. आणि वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले एक तरुण वकील, मुरलीधर देवीदास आमटे म्हणजेच बाबा आमटे, एका पावसाळी रात्री गटारीच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा मरणासन्न रुग्ण पाहून भयाने पळून गेले. ही गोष्ट बाबांनी स्वतः जगाला सांगितली. कशालाही न भिणारा म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस पळाला. मग परत आला, आणि त्या परत येण्यातून आनंदवन उभे राहिले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आरंभीची पुंजी होती सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये.

पण मी ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो ती आनंदवनाच्या कुंपणाबाहेरची आहे. आतल्या खडकाळ जमिनीत रुग्णांनी भाजी पिकवली, परंतु वरोऱ्यात ती कोणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण तेथे राहायला आले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून भिंती उचलू लागले, त्यांच्याबरोबर जेवू लागले, आणि ते पाहता पाहता गावाचा संकोच ओसरला. भाजीला गिऱ्हाईक आले. आणि १९६४ साली आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. रुग्णांच्या हातांनी बांधलेल्या त्या इमारतीत वरोऱ्याची मुले शिकायला जाऊ लागली. या क्रमाकडे पाहावे: आधी विकत घेणारा, मग विद्यार्थी. वरोऱ्याचे आणि आनंदवनाचे नाते जुळले ते ज्या दिवशी गावाला त्यांच्याकडून काही घ्यावे लागले त्या दिवशी.

म्हणून माझी आपल्याला पहिली विनंती अशी आहे, की ३० जानेवारीच्या ग्रामसभेत कुष्ठमुक्तांना बोलावून त्यांना केळी आणि कांबळी वाटण्याचा व त्याची छायाचित्रे काढण्याचा जो प्रघात काही ठिकाणी पडला आहे तो बंद करावा. हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. माझ्या आजीचा हेतूही चांगलाच होता. त्याऐवजी त्यांच्याकडून काही घ्यावे. जो शेतकरी आहे त्याचे धान्य घ्यावे, जो सुतार आहे त्याच्याकडून ग्रामपंचायतीची बाके करवून घ्यावीत, आणि शाळेत पोषण आहार शिजवण्यासाठी बाई नेमताना, उपचार पूर्ण झालेली एखादी गरजू भगिनी इतरांइतकीच पात्र असेल तर तिचे नाव केवळ 'पालक काय म्हणतील' या भयाने खाली सारू नये. पालक काय म्हणतील हे बऱ्याच अंशी ती शिजवू लागेल त्या दिवशी आपण कोठे बसून जेवता यावर ठरणार आहे.

दुसरे असे, की जो आज उपचार घेत आहे त्याचे नाव सभेत कधीही उच्चारू नये आणि त्याला संमतीवाचून लोकांपुढे उभे करू नये. गावातल्या आशा सेविकेलाही हे सांगून ठेवावे, की औषधाचे पान द्यायला जाताना चार दारांत थांबून जावे. ही सूचना मी माझ्या सायकलीच्या साक्षीने करीत आहे.

कायद्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण कायदे आपल्यामागून येतात. रुग्णांना धरून कोंडण्याची मुभा देणारा १८९८ सालचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे सबळ कारण म्हणून पाच निरनिराळ्या कायद्यांत नमूद होते; ते २०१९ साली वगळण्यात आले. आपल्यासारख्याच निवडून आलेल्या ओरिसातील एका नगरसेवकाला या रोगाच्या कारणावरून पद सोडावे लागले, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती अपात्रता कायम ठेवली, तेव्हा बहुविध औषधोपचार येऊन पंचवीस वर्षे होत आली होती. ज्यांनी ते निर्णय केले तेही कोणाच्या तरी आजीचे बोट धरून वाढले होते.

२००५ च्या अखेरीस देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली गेले, त्याच सुमारास आमचे स्वतंत्र खाते सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले, आणि रोग संपला अशी अनेकांची समजूत झाली. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतात सापडतात. फरक इतकाच पडला, की पूर्वी घर सोडून दत्तपूरची, अमरावतीच्या तपोवनाची किंवा आनंदवनाची वाट धरावी लागणारा माणूस आता आपल्या गावी, आपल्या घरी राहून, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गोळ्यांनी बरा होतो. शरीराचे काम केंद्र पाहील. बाकीचे आपल्या हद्दीत येते.

आपल्या गावात एक मोठी आई असेल आणि एक गुरुजी असतील. त्या कोण आणि ते कोण, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. काही गावांत तर दोन्ही भूमिका सरपंचांच्याच वाट्याला येतात, आणि आपण काय बोललात याइतकेच आपण कोणाच्या ओट्यावर टेकलात व कोणाचा चहा नाकारलात हे लोक टिपून ठेवतात. मजकूर वाचण्याआधी त्या दोघांची भेट घ्यावी. गुरुजींची तर अवश्य घ्यावी, कारण त्यांच्याशी वेळेवर बोलण्याचे काम मी त्या गावी केले नाही. मी त्यांना अशिक्षितांच्या यादीत धरले नव्हते, म्हणून माझा तक्ता त्यांच्या घरी कधी उघडलाच नाही.

ती कासारीण आता सत्तरीच्या पुढे आहे. धंदा सून पाहते. माझ्या मुलीच्या लग्नात चुडा तिनेच भरला, आणि मांडवात तिच्यासमोर पहिला हात माझ्या पत्नीने पुढे केला. यंदा ३० जानेवारीला आसपासच्या एखाद्या ग्रामसभेला माझ्याबरोबर येशील काय, असे मी तिला गेल्या आठवड्यात विचारले. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मले भाषण नाही येत. पेटी घेऊन येतो."

तेव्हा ज्यांना आम्ही यावे असे वाटत असेल त्यांनी सभेची वेळ कळवावी. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघे निघू. सतरंजीवर बायकांच्या बाजूला पेटी उघडून बसता येईल एवढी जागा, आणि एका तसराळ्यात साबणाचे पाणी, इतकी व्यवस्था आपल्याकडून व्हावी.

आपला नम्र,
एक निवृत्त अवैद्यकीय सहायक